‘चूक कुणाची?’ हा दुसरा प्रश्न

रस्त्यावर दोन वाहनं एकमेकांना लागली की पहिलं वाक्य ऐकू येतं ते प्रश्नाचं असतं. ‘दिसत नाही का?’, ‘डोळे कुठं होते?’, ‘लायसन कुणी दिलं तुला?’ उत्तर कुणालाच नको असतं. तोवर चार माणसं गोळा होतात. त्यातला एक जण हाताने रस्ता आखून दाखवू लागतो, दुसरा म्हणतो, ‘जाऊ द्या, मिटवून टाका’, आणि तिसऱ्याचा निकाल तयारच असतो : मोठी गाडी ज्याची, चूक त्याची. या गोंगाटात वाहन चालवणाऱ्याला एक निर्णय करावा लागतो. चूक आपली नाही म्हणून भांडायचं, की मान खाली घालून विषय संपवायचा?

आज या निर्णयाविषयी बोलायचं आहे. मी वकील नाही, विमा प्रतिनिधीही नाही. बी. ए. झालेला आणि कविता लिहिणारा माणूस. पण एका अपघाताच्या निमित्ताने तीन वर्षं मला पोलीस ठाणं, विमा कंपनी आणि न्यायालय या तिन्ही दारांशी उभं राहावं लागलं. जाणत्या वकिलांना विचारत, कायद्याची पुस्तकं चाळत जे समजलं, ते साध्या शब्दांत सांगतो.

आधी शब्दांकडे पाहू. ‘चूक’ हा आपला फार ऐसपैस शब्द आहे. भाजीत मीठ जास्त पडलं तीही चूक आणि सिग्नल तोडून कुणाला उडवलं तीही चूक. कायद्याला असं चालत नाही. तो ‘निष्काळजीपणा’ विचारतो. शहाण्या माणसाने त्या जागी जी काळजी घेतली असती ती तुम्ही घेतली का, आणि न घेतल्यामुळेच अपघात झाला का? हे दोन्ही प्रश्न स्वतंत्र आहेत. मोटारसायकलवर तिघे बसले होते म्हणजे अपघातात त्यांचा वाटा आलाच, असं होत नाही. तिघे बसल्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे स्पष्ट केलं. त्याआधी २००८ साली, केवळ परवाना नव्हता म्हणून चालवणाऱ्यावर निष्काळजीपणाचा शिक्का मारता येत नाही, असंही त्याच न्यायालयाने म्हटलं होतं. नियम मोडल्याचा दंड वेगळा आणि अपघाताचं कारण वेगळं. तसंच ‘मोठी गाडी दोषी’ असं सांगणारं एकही कलम मला सापडलं नाही. तो रस्त्याचा रिवाज आहे.

आता अपघातांचे दोन ढीग करू. पहिल्या ढिगात फक्त पत्रा वाकलेला आहे. दुसऱ्यात माणूस दुखावलेला आहे. भांडायचं की नाही याची उत्तरं या दोन ढिगांत अगदी वेगळी येतात आणि आपण नेमकी त्यांचीच सरमिसळ करतो.

पत्र्याचा ढीग आधी घेऊ. तुमच्या मोटारीचा सर्वंकष विमा असेल, म्हणजे ज्यात स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरलेलं असतं असा, तर दुरुस्तीचा क्लेम करताना चूक कुणाची हा प्रश्न फारसा येतच नाही. कंपनी पाहते ती पॉलिसी चालू होती का, चालवणाऱ्याकडे योग्य परवाना होता का, तो प्यायलेला तर नव्हता ना, सांगितलेली हकिकत गाडीच्या नुकसानीशी जुळते का, एवढं. म्हणजे गॅरेजच्या बिलासाठी भर रस्त्यात ‘तुझीच चूक’ हे वदवून घेण्याची गरज नसते.

इथे वेगळाच हिशोब करावा लागतो. ज्या वर्षी क्लेम केला नाही त्या वर्षासाठी विम्याच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. ही सूट गाडीच्या नुकसानीपोटी जो हप्ता असतो त्यावरच असते. समजा, तो हप्ता ६,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांपर्यंत पोहोचला आहात. एक क्लेम केला की सूट शून्यावर येते. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं तर पुढच्या वर्षी ३,००० रुपये जास्त जातील, नंतर अनुक्रमे १,८००, १,५००, ९०० आणि ३००. पाच वर्षांची बेरीज झाली ७,५००. दुरुस्तीचं बिल ५,००० असेल, तर त्यातले पहिले १,००० छोट्या मोटारीच्या मालकालाच सोसावे लागतात. हाती आले ४,००० आणि गेले ७,५००. असा क्लेम न केलेलाच बरा. बिल ४०,००० चं असेल तर मात्र विचार करायचं कारण नाही. काही पॉलिसींत जास्तीचा हप्ता भरून ही सूट सांभाळता येते, तेव्हा आपला कागद एकदा वाचून ठेवावा.

समोरच्याच्या विमा कंपनीकडून पैसे हवे असतील तर? तोही हक्क आहे. पण त्यासाठी त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि पत्र्याच्या नुकसानीचा दावाही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातच न्यावा लागतो. आठ-दहा हजारांसाठी वकील, तारखा, सुट्ट्या. ज्याला परवडतं त्याने करावं. बहुतेकांना परवडत नाही, आणि त्यात शरमेचं काही नाही. भांडण सोडून देणं म्हणजे चूक मान्य करणं, असा अर्थ होत नाही.

आता दुसरा ढीग, जिथे माणसाला लागलेलं आहे. इथे मला माझ्या घरातलाच दाखला द्यावा लागेल.

२०१६ च्या पावसाळ्यात, सोलापुरात, संध्याकाळच्या वेळी माझा भाचा मोटार चालवत होता आणि मी शेजारी बसलो होतो. उजवीकडच्या एका गल्लीत वळायचं होतं. तो वळला आणि त्याच क्षणी मागून उजव्या बाजूने पुढे निघालेली मोटारसायकल आमच्या पुढच्या दारावर आदळली. चालवणाऱ्याला खरचटलं. मागे त्याची बायको बसली होती. तिच्या नडगीचं हाड मोडलं. तिला रिक्षात घालून आम्हीच दवाखान्यात नेलं. तिथे कळलं की ती घरी शिलाईकाम करते, आणि तिचं मशीन पायाने चालवायचं आहे.

या प्रसंगात सगळं एका गोष्टीवर अडलेलं होतं : इंडिकेटर कधी लागला. पुढचं वाहन उजवीकडे वळण्याचा इशारा देत असेल तर त्याला उजवीकडून ओलांडायचं नाही, हा नियम. इशारा वेळेवर दिलेला असेल तर मोटारसायकलवाल्याचा वाटा मोठा. इशारा वळतानाच दिला असेल तर मोटारीचा वाटा मोठा. भाचा सांगत होता, पन्नास-साठ फूट आधी लावला. मोटारसायकलवाला सांगत होता, लावलाच नाही. दोघेही मनापासून बोलत होते, असं मला आजही वाटतं. धक्का बसलेला माणूस मागचे पाच सेकंद आपल्या सोयीने जुळवून घेतो.

मी कविता लिहितो, त्यामुळे म्हणा किंवा स्वभावाने म्हणा, माझं लक्ष आवाजाकडे जातं. इंडिकेटरची टिकटिक मी ऐकली होती. दोनदा. मग धडक.

पोलिसांना माझा जबाब हवा होता. आदल्या रात्री बहिणीच्या घरी बैठक बसली. शेजारचे एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, ‘मोठ्या गाडीवाल्यालाच धरतात. मामांनी ठाम सांगावं, इंडिकेटर आधीपासून चालू होता. विषय संपला.’ बहीण त्यांच्यासमोर काही बोलली नाही. ते गेल्यावर म्हणाली, ‘भाईजान, पोराची नोकरी नवी आहे. तुम्हाला नक्की ऐकू आलं होतं का? नक्की दोनच वेळा?’ तिचा प्रश्न खोटा नव्हता. आईचा होता.

मी दुसऱ्या दिवशी एका वकिलांना गाठलं. ते तासभर बोलले. त्या तासात जे कळलं ते प्रत्येक वाहन चालवणाऱ्याला ठाऊक असायला हवं, असं मला वाटतं.

पहिली गोष्ट. जखमीच्या भरपाईचे पैसे चालकाच्या खिशातून जातात, अशी आपली समजूत असते. विमा चालू असेल, परवाना योग्य असेल, तर ते पैसे विमा कंपनी देते. तिसऱ्या माणसासाठीचा हा विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. मोटारीचा मालक ‘माझी काही चूक नाही’ म्हणून जिवाच्या आकांताने भांडतो, तेव्हा वाचतात ते पुष्कळदा कंपनीचे पैसे, आणि बुडतात ते एखाद्या शिलाईवालीचे. अर्थात विमा संपलेला असेल किंवा परवाना नसेल, तर कंपनी जबाबदारी नाकारू शकते, किंवा जखमीला पैसे देऊन मालकाकडून वसूल करू शकते. तेव्हा प्रश्न खरोखर खिशाचा होतो. म्हणून पॉलिसीची मुदत दर वर्षी पाहायची.

दुसरी गोष्ट. दोन वाहनांची चूक निघाली तर तिची टक्केवारी ठरते. मोटारसायकल चालवणाऱ्याचा वाटा ४० टक्के ठरला आणि त्याची भरपाई २ लाख रुपये होत असेल, तर त्याला १ लाख २० हजार मिळतात. त्याचा स्वतःचा वाटा त्याच्या पैशातून वजा होतो. पण मागे बसलेल्या बाईचं तसं नाही. तिच्या हातात हँडल नव्हतं. तिच्या बाबतीत दोन्ही चालक मिळून जबाबदार, आणि ती पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकते. त्यांनी आपसात काय वाटून घ्यायचं ते घ्यावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या एका निकालात हे नीट मांडलं आहे. रिक्षातला प्रवासी, बसमधली म्हातारी, स्कूटरवर मागे बसलेला मुलगा, या सगळ्यांना हे लागू आहे. आणि नवरा चालवत होता म्हणून बायकोचे पैसे कापायचे, असंही होत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एका अपघाताची दोन प्रकरणं होतात आणि ती दोन वेगळ्या तराजूंवर तोलली जातात. भरपाईच्या दाव्यात, काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं पाहतात. फौजदारी खटल्यात मात्र सरकार पक्षाला वाजवी शंकेपलीकडे गुन्हा सिद्ध करावा लागतो. त्यामुळे एकाच अपघातात चालक फौजदारी खटल्यातून सुटतो आणि जखमीला भरपाईही मिळते, यात विसंगती नाही. तेव्हा भारतीय दंड संहितेची २७९ आणि ३३८ ही कलमं लागत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. बेदरकारपणे वाहन चालवण्याला आता कलम २८१ आहे, त्यातून दुखापत झाल्यास कलम १२५, आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कलम १०६. या शेवटच्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फौजदारी खटल्यात स्वतःचा बचाव करणं हा हक्क आहे. जखमीला दवाखान्यात पोहोचवलं, तिची चौकशी केली, तिच्या भरपाईला आडवे आलो नाही, तरीही खटल्यात बचाव करता येतो. यात दुटप्पीपणा नाही.

म्हणजे ‘चूक मान्य करू की भांडू’ असा एकच प्रश्न नाहीच. भरपाईच्या दाव्यात काय भूमिका घ्यायची, खटल्यात काय घ्यायची आणि खरं काय ते सांगायचं की नाही, असे तीन प्रश्न आहेत. पहिल्या दोन प्रश्नांत निवड आहे, वकिलाचा सल्ला आहे, व्यवहार आहे. तिसऱ्यात निवड नाही.

मी जबाबात जे ऐकलं ते सांगितलं. इंडिकेटर लागला होता, पण वळण्याच्या अगदी बेतात. मोटारसायकल उजवीकडून वेगात आली हेही सांगितलं, कारण तेही खरं होतं. बहीण मला म्हणाली काहीच नाही, पण पुढचे काही महिने फोन तिच्या नवऱ्याचा यायचा. त्या बाईंचं मशीन चार महिने बंद होतं. २०१८ साली लोकअदालतीत विमा कंपनीबरोबर तडजोड झाली. त्यांना पूर्ण रक्कम मिळाली. नवऱ्याने आपल्या दाव्यात काही वजावट मान्य केली. भाच्याचा खटला २०१९ पर्यंत चालला. प्रत्येक तारखेला त्याची एक रजा जायची. न्यायालयातही मी तेच सांगितलं. इशारा उशिरा दिला एवढ्यावरून बेदरकारपणा शंकेपलीकडे सिद्ध होत नाही, असं न्यायालयाला वाटलं आणि तो सुटला. सुटला नसता तरी माझा जबाब तोच राहिला असता. बहिणीच्या घरी ईदला जाणं मात्र अवघड झालं असतं.

आता तुमच्यावर अशी वेळ आली तर काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न ‘लागलं का कुणाला?’ हाच असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकाला सांगतं की जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्या, पोलिसांना लवकरात लवकर आणि चोवीस तासांच्या आत कळवा, विमा कंपनीलाही कळवा. जमाव चिडलेला असेल आणि तिथे थांबणं शक्यच नसेल, तर ती अडचण कायद्यानेही धरली आहे. अशा वेळी सरळ पोलीस ठाणं गाठावं. पळून जाणं निराळं. मदत करणाऱ्या वाटसरूलाही भ्यायचं कारण नाही. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं आहे. २०२५ च्या मे महिन्यापासून अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची केंद्र सरकारची योजना आहे. तिथेही चूक कुणाची हे विचारत नाहीत.

दुसरं, तिथल्या तिथे काही लिहून देऊ नका. ‘माझी चूक आहे, सगळा खर्च देईन’ अशी चिठ्ठी लिहून दिली तर विमा कंपनी अडून बसू शकते. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली, वचन किंवा देण्याचा वायदा करायचा नाही, अशी अट मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत असते. याचा अर्थ तोंडाला कुलूप लावा असा नाही. ‘फार लागलं का? माफ करा, बसा, पाणी घ्या’ हे शब्द माणुसकीचे आहेत. विचारपूस करायला आणि धीर द्यायला कंपनीची संमती लागत नाही. आणि उलट बाजूने, जखमी माणसाकडूनही ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेऊ नका, तुम्ही जखमी असाल तर लिहून देऊ नका. लागलेलं त्या क्षणी कळत नाही. मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, आणि एक्स-रे चिठ्ठीनंतर निघतो. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याचा गुन्हा दोघांनी आपसात मिटवला म्हणून मिटत नाही.

तिसरं, पुरावा. वाहनं हलवण्यापूर्वी, कुणाच्या उपचाराला उशीर होणार नसेल तर, मोबाइलवर चार-सहा फोटो काढा. वाहनं कशी उभी होती, टायरचे ओरखडे कुठे, काचा कुठे पडल्या. नुसत्या पोचलेल्या दाराचा फोटो फारसा काही सांगत नाही. रस्ता दिसला पाहिजे. दोन साक्षीदारांचे नंबर घ्या. समोरच्या दुकानावर कॅमेरा असेल तर पोलिसांना त्याच दिवशी सांगा, कारण जुनं चित्रण काही दिवसांत पुसून त्यावर नवं येतं. पंचनामा आणि नकाशा होताना हजर राहता आलं तर राहा, आणि प्रत मागा. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे, माणूस जखमी झाला किंवा दगावला असेल अशा अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. पुढची सगळी इमारत या कागदांवर उभी राहते.

चौथं, कुठे भांडायचं. माझ्या मते अशा चार जागा आहेत. एक, नोंदीत धडधडीत खोटं लिहिलं गेलं असेल. रस्त्याची दिशा, वाहनाची बाजू, चालवणाऱ्याचं नाव यात फेरफार असेल तर लगेच लेखी हरकत घ्या आणि तिची पोच ठेवा. दोन, तुम्ही जखमी आहात आणि दोष तुमच्याच माथी मारला जातो आहे. इथे शांत बसलात तर प्रत्येक टक्क्यागणिक तुमच्या औषधाचे आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे कापले जातील. तीन, तुमच्यावर फौजदारी खटला आहे. ‘दंड भरून मोकळे होऊ’ म्हणून घाईने गुन्हा कबूल करू नका. ती कबुली नोकरीच्या आणि चारित्र्य पडताळणीच्या वेळी पुढे येते आणि भरपाईच्या दाव्यातही पुरावा म्हणून वापरता येते. चार, विमा किंवा परवान्यात खोट असल्यामुळे भरपाई तुमच्याच घरातून जाणार आहे.

आणि कुठे सोडून द्यायचं? जिथे पत्रा वाकला आहे आणि आपला फक्त मान दुखावला आहे, तिथे. जिथे वाचणारी रक्कम कंपनीची आहे आणि समोरच्याची चूल त्यावर अवलंबून आहे, तिथे कंपनीचे वकील कंपनीचं बघून घेतील. आपण खरं तेवढं सांगावं आणि बाजूला व्हावं.

जखमींसाठी एक-दोन तारखा आणि आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १ एप्रिल २०२२ पासून भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा, अशी तरतूद कायद्यात लागू झाली. म्हणून ‘बघू पुढं’ म्हणत बसू नये. चूक कुणाची हे सिद्ध न करताही मिळणारी ठरावीक भरपाई कलम १६४ मध्ये आहे : मृत्यू झाल्यास ५ लाख रुपये, गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख. ती स्वीकारली की मोठ्या रकमेचा दावा मागे पडतो, तेव्हा आधी वकिलाला विचारावं. ठोकर मारून पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची वेगळी योजना आहे. वकील परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतली माणसं आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथून मोफत वकील मिळतो. किती तरी जणांना हे माहीत नसतं आणि ते पहिल्याच चिठ्ठीवर अंगठा उठवून मोकळे होतात.

मला एवढंच सुचवायचं आहे. गाडीच्या कप्प्यात परवाना, नोंदणीचं पुस्तक आणि विम्याचा कागद ठेवतो, तिथेच एक साधा कागद आणि पेन ठेवा. अपघात झालाच, तर सगळं शांत झाल्यावर, घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशी चर्चा होण्याआधी, जे पाहिलं आणि ऐकलं ते त्यावर लिहून काढा. वेळ, वेग, दिवे, आवाज, आपल्या विरुद्ध जाणारं जे असेल तेसुद्धा. त्यावर कुणाची सही घ्यायची नाही, तो कुणाला लगेच दाखवायचाही नाही. वकिलाकडे जाताना मात्र तो कागद बरोबर न्यायचा. वकिलाला तुमची बाजू मांडता येते, तडजोड करता येते, बचाव करता येतो. त्या कागदावर काय लिहायचं ते मात्र तो सांगू शकत नाही. ते तुम्हालाच ठाऊक असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)